लाइनवरच्या दोघांचं जुळलंय, सुपरवायझरने काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत असेंब्ली लाइनचा सुपरवायझर आहे. माझ्याकडे फायनल इन्स्पेक्शनला असलेली मुलगी आणि स्टोअरमधला एक मुलगा यांचं जुळलंय असं सगळे बोलतात. दोघंही कंत्राटी, वय 22-23. लाइनवर चिडवाचिडवी चालते. आणखी एक ऑपरेटर त्या मुलीच्या मागे लागलाय. त्याला बोललो तर म्हणतो, 'अजून लग्न थोडीच झालंय तिचं.' मुलगी बाहेरगावची, खोली करून राहते. उद्या काही कमीजास्त झालं तर माझ्यावर येईल, म्हणून तिच्या घरी कळवून टाकू का? की दोघांपैकी एकाला दुसऱ्या प्लांटला हलवू? ता. क.: परवा तिने बसचा रूट बदलून मागितलाय. कारण सांगत नाही."

साहेब, तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही ता. क. मध्ये टाकलीत.

घराजवळच्या थांब्यावरून सुटणारी बस सोडून कोणी लांबचा रूट मागत नाही. फर्स्ट शिफ्टला सातला पंच करायचं, म्हणजे ती आत्ताच पाच-सव्वापाचला उठत असणार. रूट बदलला की अजून लवकर, वर अंधारात दुसऱ्या थांब्यापर्यंत चालत. हा सगळा हिशेब करूनही तिने चिठ्ठी दिली असेल, तर त्या बसमध्ये तिला नको असलेलं काहीतरी रोज घडतंय. तिचं कोणाशी जुळलंय की नाही हा तुमचा विषयच नाही. बस मात्र तुमचा विषय आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात कंपनीने दिलेलं वाहन हेसुद्धा कामाचं ठिकाण धरलंय, म्हणजे गेटच्या आत जे चालत नाही ते बसमध्येही चालत नाही. त्या बसकडे शेवटी येते. आधी बाकीचं.

मी 23 वर्षं याच पट्ट्यात पर्सोनेलचं काम करतेय. सुरुवात भोसरीला, मग चाकण, आता तळेगाव. 2014 पासून अशा छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत समितीवर आहे. तुमच्यासारखा प्रश्न दर चार-सहा महिन्यांनी कोणीतरी विचारतं, आणि त्यात "घरी कळवू का" हे असतंच. विचारणारा माणूस वाईट नसतो. बहुतेकांना त्या वयाची लेक असते.

घरी कळवू नका. अजिबात नाही. का, ते सांगते.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी जिथे होते तिथल्या टाइम ऑफिसमधल्या क्लार्कने असाच फोन केला होता. सज्जन माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. कँटीनमध्ये दोघांना रोज एका टेबलावर पाहून त्याला काळजी वाटली. त्याने फायलीतून तिच्या मामाचा नंबर काढला आणि एवढंच सांगितलं, "पोरीवर जरा लक्ष ठेवा, एका मुलाबरोबर असते." दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटायच्या तासभर आधी गेटवर बोलेरो उभी. चार जण उतरले. सिक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये 'भेटीचे कारण' या रकान्यात त्यांनी 'घरगुती' असं लिहिलं होतं. मी मुलीला मेडिकल रूममध्ये बसवलं. स्टीलचा पेला तिने दोन्ही हातांनी धरला होता, पाणी पीत नव्हती, आणि पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "मॅडम, नंबर कोणी दिला?"

मुलगा दुसऱ्या जातीचा होता. क्लार्कला हे माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावं असंही त्याला सुचलं नाही, कारण त्याच्या डोक्यात हा फक्त 'पोरगी बिघडतेय का' एवढाच प्रश्न होता. आपण जिथे राहतो तिथे जात, गाव, भावकी हे सगळं अशा एका फोनने जागं होतं, आणि एकदा जागं झालं की तो फोन परत घेता येत नाही. आम्ही पोलिसांना कळवलं, मुलीला विचारलं कुठे जायचंय, आणि ती म्हणाली त्या मावशीकडे हडपसरला, मागच्या गेटने, कंपनीच्या गाडीतून नर्ससोबत पाठवलं. गेटवरचे चौघं रात्री नऊपर्यंत हलले नाहीत. मुलगी कामावर परत आली नाही. तिचा फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशेब, मी कुरिअरने पाठवला. तो क्लार्क आता निवृत्त आहे, अजून कुठे लग्नाकार्यात भेटतो आणि दर वेळी म्हणतो, "मी चांगल्यासाठीच केलं होतं हो."

फायलीतला तो नंबर अपघातासाठी दिलेला असतो. प्रेसमध्ये बोट गेलं, चक्कर आली, तर तो फिरवायचा. बाकी कशासाठीही तो तुमचा नाही. आणि बावीस-तेवीस वर्षांची मुलगी सज्ञान आहे. शक्ती वाहिनी या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2018 मध्ये स्पष्ट सांगितलंय की दोन सज्ञान माणसांनी एकमेकांना निवडलं तर त्याला घरच्यांची, जातीची किंवा गावाची संमती लागत नाही. जिथे आईबापांची संमती लागत नाही, तिथे सुपरवायझरची कुठून लागणार? "माझ्यावर येईल" म्हणता, तर ऐका: न कळवल्याने तुमच्यावर काहीही येत नाही. कळवल्याने येऊ शकतं.

याच ओघात एक बारीक गोष्ट. उद्या दोघांपैकी कोणी पत्त्याचा किंवा नोकरीचा दाखला मागायला एचआरकडे आलं आणि तुमच्या कानावर आलं, तर तोंड बंद ठेवा. विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं तर 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि ज्यांचा घरून विरोध आहे त्यांना ते 30 दिवस काढणं सगळ्यात अवघड जातं. "बहुतेक कोर्ट मॅरेज दिसतंय" एवढं एक वाक्य चहाच्या टपरीवर पुरतं.

फोटोंचंही तसंच. खंडेनवमीला मशीनची पूजा होते, मुली साड्या नेसून येतात, सगळ्या लाइनचा एक फोटो निघतो. त्यातले दोघं कापून, भोवती बदाम लावून कोणीतरी स्टेटसला टाकतं. टाकणाऱ्याला ती गंमत वाटते. त्या स्टेटसला बघणाऱ्यांत तिच्या गावचा एखादा असतोच, निम्मं चाकण त्याच चार जिल्ह्यांतून आलेलं आहे.

आता चिडवाचिडवी. तुम्ही 'चालते' असं लिहिलंय, जणू पंखा चालतो तशी आपोआप. ती तुमच्या लाइनवर, तुमच्या देखत चालते, म्हणून चालते. मी स्वतः यात चुकलेली आहे, म्हणून बोलते. भोसरीला असताना एका लाइनच्या तासाच्या प्रॉडक्शन बोर्डवर कोणीतरी मार्करने दोघांची आद्याक्षरं लिहिली, मधे अधिकचं चिन्ह. मी राउंडला गेले, पाहिलं आणि हसले. त्या मुलीने मला हसताना पाहिलं. तिने ओढणीच्या टोकाने ते पुसलं, पण मार्कर पक्का होता, निळा डाग राहिला आणि त्या डागावरच ती दर तासाचे आकडे लिहीत राहिली. महिन्याभराने तिने राजीनामा दिला. कारण: घरगुती. मीच तो स्वीकारून फायलीला लावला. पुढे तिची मैत्रीण बोलली तेव्हा कळलं की त्या मुलाशी तिचं काही नव्हतंच. दोघं एकाच गावचे, सुट्टीला एकाच एसटीने जायचे, एवढंच.

म्हणून मी 'खरंच जुळलंय का' हे शोधत बसत नाही. जुळलं असेल तर ते त्यांचं आहे, जुळलं नसेल तर तुम्ही एका पोरीचं नाव फुकट खराब करताय. दोन्हीकडून उत्तर एकच येतं: लाइनवर त्या विषयाला जागा नाही. हे सांगायला भाषण लागत नाही. सकाळच्या टूलबॉक्स मीटिंगला तर मुळीच काढू नका, तिथे काढलंत की ज्याला माहीत नव्हतं त्यालाही कळतं. जो बोलतो त्याला त्याच वेळी, हसण्याच्या मधेच, "ए, ते राहू दे, काउंट सांग" एवढं म्हणा. तीन-चार दिवस सलग म्हणा. सुपरवायझर हसत नाही म्हटल्यावर गंमत मरते. आणि हो, त्या स्टोअरच्या मुलालाही "काय राव, पार्टी कधी?" विचारणं बंद करा. मुलगा लाजून हसतो म्हणजे त्याला चालतं, असं आपण धरून चालतो. त्याच्याही मागे घर आणि गाव आहेच.

कधी कधी अशी कुजबुज दोन मुलांबद्दल किंवा दोन मुलींबद्दल असते, तेव्हा गंमतीचं रूपांतर फार पटकन छळात होतं. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 ला ते नातं गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढलं. शॉप फ्लोअरवर ती तारीख अजून पोचायची आहे. नियम तोच, फक्त अधिक कडक पाळायचा.

तो दुसरा ऑपरेटर. इथे बहुतेक सुपरवायझर एक चूक करतात आणि ती चूक समजूतदारपणासारखी दिसते. ते त्याला बाजूला घेऊन म्हणतात, "अरे सोड ना, तिचं त्या स्टोअरवाल्याशी आहे." यात दोन घोटाळे होतात. एक, जे तिने तुम्हाला सांगितलेलं नाही ते तुम्ही जाहीर करून टाकलं. दुसरा त्याहून वाईट. तुम्ही त्याला शिकवलं की तिच्या नकाराला स्वतःची किंमत नाही, त्याच्यामागे एखादा पुरुष उभा असेल तरच तो नकार. मग "लग्न थोडीच झालंय" हे त्याचं उत्तर तुमच्याच तर्कातून येतं. कुंपण लग्नाचं आहे की प्रेमाचं, एवढाच वाद उरतो. तिचं कोणाशीही काहीही नसतं, तरी तिला नको म्हणजे नकोच होतं.

तर त्याच्याशी बोलताना स्टोअरच्या मुलाचं नाव तोंडातून काढू नका. तिने तक्रार केली असंही म्हणू नका, तिने केलेली नाही, आणि तसं म्हटलंत तर संध्याकाळी बसमध्ये तो तिलाच जाब विचारेल. तुम्ही स्वतः काय पाहिलंय तेवढ्यावरच बोला. मी असं बोलते: "काल तू तुझं स्टेशन सोडून तीनदा फायनलला गेलास. तिथे तुझं काम नाही. ती तुझ्याशी कामापलीकडे बोलत नाही हे मला लांबून दिसतं, तर तुला जवळून दिसायला हवं. तिचं लग्न झालंय की नाही, हे मी ऐकून घेणार नाही. परत दिसलं तर तोंडी बोलणार नाही, लेखी देईन." बास. आवाज चढवायचा नाही, आणि "पोरं आहेत, होतं असं" म्हणून पाठीवर हातही ठेवायचा नाही.

तो म्हणेल, "पण ती नाही म्हणाली नाही मला." हे मी इतक्या वेळा ऐकलंय! आपल्याकडच्या मुली तोंडावर 'नाही' क्वचित म्हणतात, कारण म्हटलं तर पुढे काय होईल याची भीती असते. त्या दुसऱ्या तऱ्हेने म्हणतात. नावाने हाक मारणारी अचानक 'दादा' म्हणायला लागते. फोन उचलत नाही, मग "चार्जिंग नव्हतं दादा" असं सांगते. मेसेजला अंगठा पाठवते. डबा खायची वेळ बदलते. राखीपौर्णिमेला तर मी एकदा पाहिलंय, एका मुलीने पिशवीतून राखी काढली आणि पूर्ण लाइनसमोर एकाच्या मनगटाला बांधली. सगळे टाळ्या वाजवत होते, तो कसनुसं हसत होता. मलाही तेव्हा ती हुशार वाटली. नंतर वाटलं, कामावर शांतपणे उभं राहता यावं म्हणून हिला एक भाऊ पैदा करावा लागला, तोही स्वतःच्या पैशाने राखी आणून. तुमच्या मुलीने बसचा रूट मागितलाय. तो नकारच आहे, फक्त ट्रान्सपोर्टच्या फॉर्मवर लिहिलेला.

एखाद्याने सरळपणे, एकदा, कामाच्या वेळेबाहेर विचारलं आणि नकार ऐकून बाजूला झाला, तर त्याला मी कधी दोष देत नाही. माणसं आठ-आठ तास एकत्र असतात, आवडणारच. पण उत्तर मिळाल्यावरही मागे फिरणं, फोन करणं, ती ऑनलाइन कधी असते यावर पाळत ठेवणं हा फौजदारी गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत 354-ड होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 78, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद. हे त्याला धमकी म्हणून पहिल्याच दिवशी ऐकवायची गरज नाही. तुम्हाला माहीत असावं.

स्टोअरच्या मुलाकडेही एक डोळा ठेवा. त्याला बसमधलं कळलं असेल तर एखाद्या दिवशी गेटबाहेर हाणामारी होईल, आणि त्यात तिचं नाव पोलिस चौकीपर्यंत जाईल. त्याला बोलवून घेऊ नका, तो स्वतः आला तर ऐका आणि सांगा की हे कंपनी बघतेय, तू हात उचललास तर नोकरी तुझी जाईल आणि चर्चा तिची होईल.

हलवाहलवी. नको. अजून तरी नको. माझ्या अनुभवात 'दोघांपैकी एकाला' म्हणजे दहातल्या नऊ वेळा मुलीला, आणि कंत्राटी असेल तर हलवण्याऐवजी 'उद्यापासून येऊ नको' असंच होतं. चूक काय तिची? नात्यावरून कामात बदल करायची गरज मी फक्त एका ठिकाणी मानते: जिथे एकाच्या सहीवर दुसऱ्याचं काम किंवा पैसा अवलंबून असतो. एक दुसऱ्याचा ओटी (ओव्हरटाइम) मंजूर करतो, रजा देतो, कन्फर्मेशनचा फॉर्म भरतो, तर ती सही तिसऱ्याकडे जायला हवी. तुमच्याकडे ती फायनलला आणि तो स्टोअरला. तिने रिजेक्ट केलेला माल त्याच्याकडे परत जातो का, आणि त्या आकड्यावर त्याचं काही बिघडतं का, एवढं तपासा. नसेल तर विषय मिटला. दोघांनी एकच शिफ्ट मागितली तर इतर कोणाच्या शिफ्ट बदलाला जे निकष लावता तेच लावा, ना जास्त ना कमी. उद्या दोघांचं फाटलं, तर कोण चुकलं याचा निवाडा तुमच्या केबिनमध्ये करू नका. आणि लाइनचा सुपरवायझरच एखाद्या मुलीच्या मागे असेल तर हे सगळं उत्तर वेगळं लिहावं लागेल, कारण तिच्या ओटीची चावी त्याच्याकडे असते. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, म्हणून सोडते.

समितीबद्दल थोडं, कारण कंत्राटी मुलींना वाटतं ते पर्मनंटवाल्यांसाठी असतं. तसं नाही. कंत्राटी, ट्रेनी, अप्रेंटिस सगळ्या या कायद्यात येतात. याच विषयावरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1997 च्या विशाखा निकालानंतर कायदा यायला 16 वर्षं लागली, 9 डिसेंबर 2013 ला तो लागू झाला. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती लागते, तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई, निम्म्या तरी सभासद बायका आणि एक सभासद बाहेरच्या संस्थेचा. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची, कारण पटलं तर समिती अजून तीन महिने देऊ शकते. चौकशी 90 दिवसांत संपवायची. चौकशी चालू असताना तिने मागितलं तर तिची किंवा त्याची जागा बदलण्याची शिफारस समिती करू शकते. त्यातलं काहीही बाहेर फोडायला कायद्याने बंदी आहे. तुमच्या प्लांटमध्ये समितीच्या नावांचा फलक कुठे आहे ते आज बघून या. आमच्याकडे एका वर्षी तो अग्निशमनाच्या बादल्यांच्या मागे सापडला होता.

तक्रार करायची की नाही हे ती ठरवेल. तिच्यावर जोर करू नका, आणि "कशाला नाव खराब करतेस" असंही म्हणू नका. तुम्ही एक करू शकता. तुम्हाला स्वतःला जे दिसलं त्याची तारीख, वेळ, जागा डायरीत लिहून ठेवा. दोन-दोन ओळी पुरतात.

आता बस. उद्या शिफ्ट सुरू झाल्यावर तिला केबिनमध्ये एकटीला बोलवू नका, सगळी लाइन बघेल. पार्ट बघायला जाता तसे तिच्या टेबलापाशी जा, किंवा महिला लाइन लीडर असेल तर तिला बरोबर घ्या. विचारू नका की तुझं काय चाललंय. एवढंच सांगा: "रूट बदलून हवा असेल तर देतो. पण बसमध्ये कोणाचा त्रास असेल तर तू का बदलायचा, त्याला बदलू. मला कारण नको, फक्त हो किंवा नाही सांग. समितीच्या मॅडमशी बोलायचं असेल तर त्यांचा नंबर इथे आहे." नंबर कागदावर लिहून ठेवा आणि निघून या. ती त्या दिवशी बहुतेक काहीच बोलणार नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

'हो' आलं आणि तो ऑपरेटर त्याच बसला असेल, तर ट्रान्सपोर्टला सांगून त्याचा रूट बदला, कारणात 'सीट अ‍ॅडजस्टमेंट' लिहा. 'नाही' आलं आणि रूटच हवा असेल तर तोच द्या, पण थांब्यावर उजेड आहे का आणि तिथून अजून कोण चढतं ते पाहून द्या. मग पंधरा दिवसांनी बसच्या यादीवर सहज नजर टाका. ती परत आपल्या जुन्या थांब्यावरून चढायला लागली असेल, तर त्याचं कारणही तिला विचारू नका.